जळगावहून विमानाने मुंबई-पुण्याला जाता येतं का? की संभाजीनगरच गाठावं लागतं?

जाता येतं भाऊ, पण रेल्वेचं तिकीट पण काढून ठेवा. मस्करी नाही करत, पुढे सांगतो.

मी भुसावळचा, महिन्या-दोन महिन्याला बाहेर जाणं असतं. आमच्याकडच्या अर्ध्या लोकांना अजून खरं वाटत नाही की जळगावला विमान येतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. धावपट्टी तशी जुनी आहे, 1973 ची, पीडब्ल्यूडीने बांधलेली. 1997 ला ती नगरपालिकेकडे आली, 2007 ला महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेली. मग प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, जळगाव जिल्ह्याच्याच त्या, 2010 ला त्यांच्या हस्ते नव्या कामाचं भूमिपूजन झालं आणि 2012 ला सगळं चकाचक तयार. आता गंमत अशी की तयार झालं पण प्रवासी विमानच नाही! एखाद्या मंत्र्याचं विमान उतरायचं, बस. लग्नाचा मांडव घातला अन नवरदेवच आला नाही अशी गत, आणि ती पण पाच वर्षांच्या वर.

मग छोट्या शहरांना विमानाने जोडायची केंद्र सरकारची उडान योजना आली. 23 डिसेंबर 2017 ला एअर डेक्कनचं 18-19 सीटचं छोटं विमान मुंबईहून आलं, लोक नुसते बघायला गेले होते. ते काही टिकलं नाही, मुंबईला स्लॉट, म्हणजे विमान उतरवायची-उडवायची ठरलेली वेळ, मिळायची बोंब होती. 2019 च्या सप्टेंबरात ट्रूजेट आलं, ते पण पुढे बंद. 2024 मध्ये फ्लाय91 ने गोवा, हैदराबाद आणि मग पुणे चालू केलं, मुंबईला अलायन्स एअर. कोणत्या दिवशी कुठलं विमान हे मात्र बदलत राहतं, त्यामुळे माझ्या भरवशावर राहू नका, कंपनीच्या साइटवर तारीख टाकून बघा.

हे असं चालू-बंद का होतं? उडानमध्ये निम्म्या आसपास सीट ठरलेल्या कमी भाड्यात द्यायच्या आणि कंपनीची खोट सरकार भरून देणार, पण तीनच वर्षं. तेवढ्यात रूट पायावर उभा राहिला नाही की कंपनी गाशा गुंडाळते. दुसरं म्हणजे धावपट्टी 1700 मीटरची, तिच्यावर एटीआर म्हणजे पंख्याचं छोटं विमान आरामात उतरतं, मोठं एअरबस-बोईंग नाही. म्हणजे सीट सत्तरच्या आसपास.

आता रेल्वेच्या तिकिटाचं. मागे एकदा लग्नाला निघालो, सकाळी मेसेज आला की फ्लाइट रद्द. कंपनीचं नाव घेत नाही, पैसे परत मिळाले, पण मुहूर्त थोडाच थांबतो? जळगाव जंक्शनला येऊन जनरलच्या डब्यात उभा राहून गेलो, इस्त्रीच्या सदऱ्याचं पार फडकं झालं. तेव्हापासून दोन्ही तिकिटं काढतो अन विमान नक्की झालं की रेल्वेचं कॅन्सल करतो, थोडे पैसे कापले जातात तर जाऊ दे.

बाकी एअरपोर्ट एकदम सुटसुटीत. अजिंठा रोडवर, कुसुंब्याजवळ, शहरापासून सहा-सात किलोमीटर. संभाजीनगरला जायचं तर दीडशेच्या वर किलोमीटर गाडी हाणा, वर टोल-डिझेल. इथे गर्दी नाही, चालत जाऊन विमानात बसायचं. एटीआरला चढायचं मागच्या दारातून, म्हणून मागची सीट घेतली तर उतरताना पहिला नंबर. पंख वर असतात त्यामुळे कुठल्याही खिडकीतून खाली केळीचे हिरवे चौकोन मस्त दिसतात.

आईने एकदा बॅगेत चार किलो भरताची वांगी भरून दिली होती. मशीनमध्ये नुसते गोळेच गोळे दिसले असतील, सिक्युरिटीवाला म्हणे हे काय? म्हटलं वांगी. तो पडद्याकडे बघतच म्हणे, बामणोदची का? (बामणोद म्हणजे आमच्याकडचं भरताच्या वांग्यांचं गाव.) वांगी त्याने जाऊ दिली, पण हातातल्या पिशवीतलं लोणचं काढून ठेवावं लागलं. ते मोठ्या बॅगेत नीट पॅक करून टाका.

आणि रिक्षावाल्याशी भाडं आधीच ठरवा भो, विमानाला जायचंय म्हटलं की त्याचा मीटर आधी उडतो.