वाचक विचारतात : टॉर्शन दिसत नसेल, तर त्याची अनॉमली कशासाठी?

प्रश्न : आइन्स्टाइनच्या सिद्धांतात अवकाशकालाला वक्रता असते, पीळ म्हणजेच टॉर्शन नसते, असे आम्हांला पदव्युत्तर वर्गात शिकवले गेले. मग टॉर्शनमुळे उद्भवणारी क्वांटम अनॉमली (अभिजात नियमांनुसार कायम राहणारी राशी क्वांटम सिद्धांतात कायम न राहणे) आणि तिच्यासोबत येणारा अक्षीय प्रवाह (उजव्या आणि डाव्या कणांच्या प्रवाहांतील फरक) यांवर एवढे संशोधन का होते? त्यात होलोग्राफीचा उपयोग काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्याला शिकवले गेले ते बरोबरच आहे. टॉर्शनची कल्पना एली कार्तां यांनी 1922 च्या सुमारास मांडली. (गोव्यात जन्मलेल्या दा. ध. कोसंबींचा भूमितीवरील शोधनिबंध 1933 मध्ये एका जर्मन नियतकालिकात आला, तेव्हा त्याला लागूनच कार्तां यांचे टिपण छापले गेले होते. गोमंतकीय विद्यार्थ्यांना हे ठाऊक असायला हवे.) अवकाशात न आढळलेले हे टॉर्शन स्फटिकात मात्र सहज सापडते. अणूंच्या थरांत स्क्रू डिस्लोकेशन, म्हणजे थरांना जिन्यासारखे वळवणारा दोष, असेल, तर तिच्याभोवती प्रदक्षिणा पूर्ण करणारा मूळ जागी न येता एक थर वर पोचतो. टँटलम आर्सेनाइडसारख्या वाइल सेमीमेटलमध्ये, ज्याचा शोध 2015 मध्ये लागला, इलेक्ट्रॉन वस्तुमानहीन डाव्या-उजव्या कणांसारखे (ज्यांची फिरकी गतीच्या दिशेला असते ते उजवे, उलट दिशेला असते ते डावे) वागतात. त्यामुळे हा प्रश्न तेथे निव्वळ कागदी राहत नाही.

अशा उजव्या आणि डाव्या कणांच्या संख्येतील फरक अभिजात समीकरणांनुसार कायम राहतो, क्वांटम सिद्धांतात राहत नाही; हीच अनॉमली. विद्युतचुंबकीय क्षेत्रातील ही अनॉमली ॲडलर, बेल आणि जॅकीव यांनी 1969 मध्ये दाखवली, आणि तिचा गुणांक निव्वळ संख्या असल्याने त्याबद्दल वाद नाही. अनॉमलीच्या समीकरणातील टॉर्शनचे पद, जे निए आणि यान यांनी 1982 मध्ये लिहिले, तसे नाही : त्याच्या गुणांकाला लांबीच्या व्यस्त वर्गाचे (या क्षेत्रातील एककांत ऊर्जेच्या वर्गाचे) परिमाण लागते. निर्वातात ते कोठून आणायचे? चांदिया आणि सानेली यांच्या 1997 मधील गणनेत ते ऊर्जेच्या कमाल मर्यादेच्या वर्गातून येते, आणि ती मर्यादा आपणच घातलेली असते. माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ येथेच आहे.

उष्ण पदार्थात तापमानाचा वर्ग ही उणीव भरून काढू शकतो. फिरणाऱ्या द्रवात अक्षाच्या दिशेने वाहणाऱ्या अक्षीय प्रवाहात तो येतोच. परंतु कणांची परस्परक्रिया तीव्र असली, तर नेहमीची गणना अपुरी पडते. मालदासेना यांनी 1997 मध्ये सुचवलेल्या होलोग्राफीत अशा कणसमूहाचे वर्णन एक मिती अधिक असलेल्या गुरुत्वीय सिद्धांतात होते, तापमान कृष्णविवराच्या क्षितिजावरून ठरते आणि अनॉमली त्या सिद्धांतातील चर्न-सायमन्स नावाच्या विशिष्ट गणिती पदांतून येते. या मार्गाने लांडस्टाइनर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये, फिरत्या द्रवातील तापमानवर्गाचे पद गुरुत्वीय अनॉमलीशी (अवकाशकालाच्या वक्रतेतून येणाऱ्या अनॉमलीशी) निगडित असल्याचे तीव्र परस्परक्रियेच्या प्रारूपातही दाखवले. टॉर्शनच्या गुणांकाचीही हीच परीक्षा घ्यावी लागते : परस्परक्रिया बदलल्यावर तो तोच राहिला, तर त्याला अनॉमलीचा परिणाम म्हणता येईल, बदलला, तर तो त्या विशिष्ट पदार्थाचा गुणधर्म ठरेल.