वह्या वाटायच्या की मोटर बघायची?

प्रश्न : नमस्कार. आमचं उद्यमबागेत मोटर रिवायंडिंग आणि पंप रिपेअरीचं वर्कशॉप आहे, मी आणि मिस्टर मिळून बघतो, अकरा पोरं कामाला आहेत, बहुतेक येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडीकडची. दरवर्षी जूनमध्ये एका सरकारी मराठी शाळेत वह्या वाटतो. यंदा आमच्यातलाच एक पोरगा म्हणाला, ताई, वह्या सगळेच देतात, त्या शाळेच्या बोअरची मोटर दोन महिने बंद पडलीय, पोरं घरनं बाटल्या भरून नेतात, ती आपण का बघत नाही? मनाला लागलं ते. आमच्यासारख्या लहान धंद्याला सीएसआरचा, म्हणजे नफ्यातला वाटा समाजासाठी खर्च करायचा, नियम लागतो का? पोरांना रविवारी बोलवायचं का? आणि उद्या काही बिघडलं तर नाव आमचंच येणार की?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : ताई, पोरगा अगदी बरोबर बोललाय, त्याला माझ्याकडनं शाबासकी सांगा.

आधी नियमाचं. सीएसआरची सक्ती कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 मध्ये आहे आणि ती कंपन्यांसाठी. मागच्या वर्षी निव्वळ मालमत्ता 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा नफा 5 कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावा लागतो. तुम्हाला यातलं काही लागत नाही. आणि मोठ्या कंपन्यांनासुद्धा वस्तू दिली, तर तिची किंमत लावून खर्चात दाखवता येत नाही, म्हणून बरेच जण सरळ पैसे देऊन मोकळे होतात. तुम्हाला कुणाला हिशोब दाखवायचा नाही, मग गरज बघूनच करा की.

आता मुख्य मुद्दा. त्या शाळेची मोटर पहिल्यांदाच जळली असेल असं मला वाटत नाही. गावातल्या बोअरची मोटर जळते, वर्गणी काढून कुणीतरी वाइंडिंग नव्याने भरून आणतं, खाली सोडतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत तेच, कारण ती का जळली हे कुणी बघतच नाही. पाणी खाली गेल्यावर मोटर कोरडी फिरली का, व्होल्टेज कमी येतंय का, कपॅसिटर गेलाय का, तीन फेजची असेल तर एक फेज उडालाय का, हे क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजायचं मीटर) लावून तुमचा पोरगा थोड्या वेळात सांगेल. तिथे ड्राय रन प्रोटेक्शन (पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारं) बसवलं आणि मोटर चालू असताना किती अँपिअर दाखवतेय ते स्टार्टरच्या डब्यात मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून ठेवलं, तर पुढच्या वेळी गुरुजींना निदान कळेल तरी की काहीतरी बिघडतंय. हे ज्ञान वह्यांच्या दुकानात मिळत नाही. (वह्या बंद करू नका हं, ज्या घरात दोन-तीन पोरं शिकतात तिथं त्या लागतातच.)

2019 च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलं की कितीतरी मोटरी बुडतात आणि पाणी उतरलं की शेतकरी घाईने बटण दाबतो, तिथंच मोटर जळते. उघडायची, वाळवायची, बेअरिंगचं ग्रीस बदलायचं, मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) इन्सुलेशन निदान 1 मेगाओहम तरी दाखवतंय का बघायचं आणि मगच चालू करायची, हे तुम्हाला रोजचं आहे, शेतकऱ्याला कुठनं माहीत असणार? पावसाच्या तोंडावर गावच्या देवळात एक संध्याकाळ बसून एवढं सांगितलंत तरी पुष्कळांचे पैसे वाचतील.

रविवारी अजिबात बोलवू नका. कामाच्या दिवशी, पगारी वेळेत पाठवा. पोराच्या सुट्टीतनं केलेली समाजसेवा त्याची झाली, तुमची नाही, आणि दोन वेळा येईल, तिसऱ्यांदा तोंड चुकवेल. महिन्यातला अर्धा दिवस ठरवा, झेपेल तेवढाच, खरं ठरवलात तर मोडू नका.

जबाबदारीची भीती रास्त आहे. सुरुवातीलाच मुख्याध्यापक आणि एसडीएमसीकडून (शाळेच्या देखरेख समितीकडून) लेखी पत्र घ्या. खांबापासून मीटरपर्यंतचं काम हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, तिथं हात लावायचा नाही. शाळेच्या वायरिंगला परवानाधारक इलेक्ट्रिशियनच लागतो, तुमच्याकडे तसा कुणी नसेल तर मोटर आणि पंपापुरतंच थांबा आणि तसं स्पष्ट सांगा. अर्थिंग नसेल तर मोटर दुरुस्त झाली तरी चालू करून देऊ नका, लहान पोरं ओल्या हाताने नळाला हात लावतात.

आणि एक, बोर्ड लावायची घाई करू नका. एका शाळेला भेट आलेला कॉम्प्युटर मी वर्षभर खोक्यात बघितलाय, देणाऱ्याचं नाव खोक्यावर मोठ्या अक्षरात, जोडून द्यायला मात्र कुणी परत आलं नाही. तुम्ही मोटर सोडल्यावर महिन्याने एकदा आणि भर उन्हाळ्यात एकदा परत जाऊन अँपिअर बघा, आणि त्या पोरालाच पाठवा, ज्याने हे सुचवलं.