मर्सिडीजचा इतिहास: सुरुवात कुठून करायची

मर्सिडीज गाड्यांचा इतिहास शिकायचा उत्साह छान आहे तुमचा! पण डब्ल्यू १२३, डब्ल्यू १२४ असे मॉडेलांचे सांकेतिक आकडे पाठ करत बसू नका, ते पुढे आपोआप लक्षात राहतात.

आधी १८८६ नीट समजून घ्या. २९ जानेवारीला कार्ल बेन्झ यांनी जर्मनीतल्या मानहाइममध्ये तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. मोटारीचे दुसरे जनक गॉटलीब डाइमलर तेव्हा स्टुटगार्टजवळ कान्श्टाटमध्ये स्वतंत्रपणे काम करत होते. दोघं भागीदार होते, हा नवख्यांचा नेहमीचा गैरसमज. दोघांच्या कंपन्या एकत्र येऊन मर्सिडीज-बेन्झ हे नाव आलं १९२६ मध्ये, डाइमलर तर १९०० मध्येच वारले होते.

मग कार्ल यांच्या पत्नी बर्था बेन्झ. १८८८ मध्ये दोन मुलांना घेऊन त्या नवऱ्याला न सांगता मोटारीने फोर्झहाइमला गेल्या, शंभरेक किलोमीटर. वाटेत वीस्लोखच्या औषधांच्या दुकानातून इंधन घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनने साफ केली. हा प्रवास सावकाश वाचा, माझ्या मते या गाड्यांची ओढ इथूनच लागते.

दुसरी चूक म्हणजे नुसतं देखणेपण पाहणं. १९५४ च्या ३०० एसएल या मर्सिडीजच्या स्पोर्ट्स कारची दारं वर उघडतात, कारण नळ्यांच्या सांगाड्यामुळे दाराखालची बाजू उंच झाली आणि नेहमीची दारं बसेनात. प्रत्येक गाडीपाशी ‘हे असं का?’ विचारत चला.

इंजिनांचे बारकावे आणि शर्यती सावकाश बघू.