आईच्या पाटल्या, पणजोबांची तलवार आणि हक्कसोडपत्र

प्रश्न : माझं माहेर सातारा तालुक्यातलं, सासर सांगलीत. वडील २००९ मध्ये गेले, आई गेल्या वर्षी. आम्ही तिघं भावंडं. दादा गावच्या घरात राहतो, धाकटा भाऊ अमेरिकेत आहे. घरात आईचे दागिने, देवघरातले चांदीचे टाक, पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक, त्यांचीच तलवार आणि मोडी कागदांचा रुमाल (कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा) आहे. आईने दवाखान्यात नथ माझ्या हातात ठेवली तेव्हा शेजारच्या काकू तिथेच होत्या. पाटल्या लॉकरमध्ये आहेत आणि लॉकरला नॉमिनी दादा आहे. ‘माझ्यामागे पाटल्या थोरल्या सुनेला’ असं आई म्हणाल्याचं तो सांगतो. त्या मोडून मुलीच्या लग्नात नवे दागिने करायचं त्याच्या मनात आहे. तलवार धाकटा अमेरिकेला नेणार म्हणतो. लग्न झालेल्या मुलीचा या वस्तूंवर हक्क नाही, असं वहिनी म्हणतात. मला भांडण नको. घर दादाला मिळावं म्हणून मी हक्कसोडपत्रही देणार आहे. मी काय करावं?

उत्तर : ताई, हक्कसोडपत्राचा उल्लेख तुम्ही शेवटी एका ओळीत केलाय, पण मी तिथूनच सुरुवात करतो. मसुदा वाचल्याशिवाय सही करू नका. ठरावीक मसुद्यात बऱ्याचदा ‘स्थावर व जंगम मिळकतीतील माझा संपूर्ण हक्क’ असे शब्द असतात. जंगम म्हणजे पाटल्या, पदक, तलवार, रुमाल, सगळंच. तुम्हाला घर सोडायचं आहे ना? मग दस्तात घराचा मिळकत क्रमांक आणि चतुःसीमा लिहून तेवढाच हक्क सोडा, आणि ‘जंगम वस्तूंना हा दस्त लागू नाही’ एवढं एक वाक्य घालून घ्या. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दस्त ‘मला कळलं नव्हतं’ म्हणून मागे घेता येत नाही. त्यासाठी दिवाणी दावा लावून फसवणूक किंवा गैरसमज शाबीत करावा लागतो. सही करून मग माझ्याकडे आलेल्या बहिणी मी पाहिल्या आहेत, आणि दर वेळी जीव तुटतो.

वहिनींचं म्हणणं कायद्याला धरून नाही. मात्र घरातल्या सगळ्या वस्तूंना एकच नियम लागत नाही. प्रत्येक वस्तू हातात घेऊन आधी विचारायचं, ही होती कुणाची?

नथ तुमची आहे. जंगम वस्तूचं बक्षीस हातात देऊन पुरं होतं, त्याला कागद लागत नाही. आईने शुद्धीत, स्वतःच्या हाताने दिली, तुम्ही घेतली, संपलं. फक्त काकूंना जे आठवतं ते आताच त्यांच्याकडून लिहून, तारीख टाकून, सही करून घ्या.

पाटल्यांची गोष्ट वेगळी. ते आईचं स्त्रीधन होतं, म्हणजे पूर्णपणे तिच्या एकटीच्या मालकीचं. ‘माझ्यामागे सुनेला’ हे मृत्युपत्र झालं असतं, पण हिंदूंचं मृत्युपत्र लेखी, सही केलेलं आणि दोन साक्षीदारांचं लागतं. तोंडी इच्छा कायद्यात टिकत नाही. तेव्हा हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे त्या तुम्हा तिघांकडे सारख्या हिश्श्याने आल्या. सुनेला त्यात स्वतंत्र हिस्सा नाही. दादा नॉमिनी आहे म्हणजे बँकेने लॉकर त्याच्यासमोर उघडून वस्तू त्याच्या ताब्यात द्यायच्या, एवढंच. नॉमिनी मालक होत नाही. त्या वेळी बँक लॉकरमधल्या वस्तूंची यादी करते. तिची प्रत दादाकडे मागा.

तिघांच्या मालकीच्या पाटल्या एकट्याने मोडायला दादाला अधिकार नाही. सोनाराकडे जायची वेळ आलीच, तर दिवाणी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळू शकतो, कारण एकदा आटवलेलं सोनं परत पाटली होत नाही. पण त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगतो. आई खरंच तसं म्हणाली असेल असं तुम्हाला आतून वाटत असेल, तर त्या वहिनींना द्या. फक्त ‘आईची इच्छा म्हणून तिघांच्या संमतीने दिल्या’ असं लिहून द्या. हक्क आहे हे माहीत असताना दिलेलं आणि हक्क नाही असं ऐकून गप्प बसलेलं, यात पुढची वीस वर्षं बोलणं राहतं की तुटतं एवढा फरक पडतो.

पदक आणि तलवार पणजोबांकडून वडिलांकडे आल्या. त्या वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या धरा किंवा वडिलांच्या स्वतःच्या, तुमचा हिस्सा एक तृतीयांशच निघतो. वडिलांच्या पश्चात आईला आलेला भागही शेवटी तिघांतच वाटला जातो. मुलीला जन्मतःच सहदायकाचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या वाटेकऱ्याचा, हक्क असतो आणि तो लग्नाने जात नाही, हे ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधल्या विनीता शर्मा निकालाने पक्कं केलं आहे.

पण पदकाचे तीन तुकडे कसे करणार? आपल्या जिल्ह्यात या वस्तूंचं मोल निराळं आहे. आपशिंगे मिलिटरीसारख्या एका गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जवान कामी आले. तुमचं पदक त्या युद्धाचं चांदीचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ असेल, तर त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली सापडेल. भिंग घेऊन बघा. अशी वस्तू कुणी अडवून ठेवली, तर विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ चं कलम ८ कामाला येतं. पैशाने भरपाई होत नाही अशी वस्तू न्यायालय प्रत्यक्ष परत द्यायला लावू शकतं. फक्त भावंडांच्या सामाईक वस्तूत आधी वाटप मागावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात. एकाने पदक ठेवावं आणि तिघांकडे त्याचे नीट फोटो असावेत, असं मी सुचवीन.

तलवारीबाबत धाकट्याला आजच फोन करा. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाची वस्तू पुरातन वस्तू ठरते, आणि १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याने ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पणजोबांची तलवार त्यात बसण्याची शक्यता दाट आहे. वस्तू पुरातन नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला मिळाला तरच पुढचा विचार. विमानतळावर सामानात ती सापडली, तर जप्तीच नव्हे, खटलाही होऊ शकतो. शिवाय तलवार शस्त्र नियमांच्या परिशिष्टात आहे. दसऱ्याला पूजेत मांडतो म्हणून सूट मिळते असं धरू नका. घरी ठेवायला परवाना लागतो का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करून लेखी विचारा.

मोडी कागदांची मला सर्वात जास्त काळजी वाटते, कारण घरात त्यांना रद्दी समजतात. त्यात खरेदीखत, इनामाचा कागद, हद्दीचा तंटा असं काहीही निघू शकतं. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून हजर झाला, तर त्यावरची सही आणि अक्षर खरं आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ९० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ९२ आहे. म्हणून रुमाल फोडून कागद वाटून घेऊ नका. तो घरातच, एकाच्या ताब्यात ठेवा. आधी मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून काय काय आहे ते समजून घ्या आणि स्कॅन तिघांकडे ठेवा. पुढे संस्थेला द्यावेसे वाटले, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी तिघांच्या सहीने, पोचपावती घेऊन द्या.

देवघरातले टाक वाटायचे नसतात. पूजेतले कुलदेव विभाजनाच्या बाहेर, हा हिंदू कायद्यातला जुना नियम आहे. ते थोरल्याकडे राहतात किंवा पूजेची पाळी लावतात. कुलाचाराला येऊन दर्शन-पूजा करण्याचा तुमचा हक्क मात्र कागदावर येऊ द्या.

हे सगळं कोर्टाबाहेर बसू शकतं. येत्या सणाला तिघं बोला, धाकट्याला व्हिडिओवर घ्या. प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन आणि ती कुणाकडे, अशी यादी करा. ठरलं की ते ‘झालेल्या वाटपाचा स्मरणलेख’ म्हणून लिहा, तिघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. त्यात फक्त जंगम वस्तू असतील तर नोंदणी सक्तीची नाही. दादा बसायलाच तयार नसेल, तर साताऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, अर्ज करा. तिथे लोकअदालतीत तडजोड झाली, तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. स्त्री म्हणून तुम्हाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पोलिसांत जाऊ नका. या टप्प्यावर ते दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील, आणि दादाशी बोलायची वाटही बंद होईल.

हक्कसोडपत्राची तारीख ठरली असेल तर पुढे ढकला. मसुद्याची प्रत मागून घ्या आणि ‘जंगम’ हा शब्द कुठे कुठे आलाय ते पेनाने खुणा करून तुमच्या वकिलांना दाखवा.