ओठ पुढे, आवाज मागे

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही चोपडा तालुक्यातली बी.ए. दुसऱ्या वर्षाची सहा जणं, प्रोजेक्टसाठी 8 मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय, लग्नानंतर पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरीची गोष्ट. झोक्यावरचं गाणं एका फोनवर शूट केलं, आवाज दुसऱ्या फोनवर घेतला, कारण झोका लांब गेला की आवाजच येत नव्हता. कॉम्प्युटरवर जुळवलं तर सुरुवातीला बरोबर बसतं पण चार मिनिटांनी ओठ आधी हलतात नि आवाज मागून येतो. आवाजाचे तुकडे करण्यात दोन रात्री गेल्या. त्यात आजी भाकरी थापते त्या सीनमधे ट्यूबलाईटचे काळे पट्टे फिरतात. एडिटिंग एकट्या माझ्या गळ्यात आहे, बाकी पाचही जण डायरेक्टर! आते काय करानं?

उत्तर : आधी ते तुकडे करणं थांबव बरं. दुखणं आवाजात नाहीच, चित्रात आहे. फोन सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे 30 चित्रं, घेतो म्हणतो पण पाळतो थोडीच, उजेड कमी झाला किंवा फोन तापला की गुपचूप कमी फ्रेम घेतो, याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात, आणि तुम्ही शूट केलं आखाजीला म्हणजे आपल्याकडच्या ऐन उन्हात, फोन नुसता हातात धरवत नसेल. हिशोब कर, समज फोननं सेकंदाला सरासरी 29.7 फ्रेमच घेतल्या तर 4 मिनिटांत झाल्या 7128, सॉफ्टवेअर त्या 30 च्या चालीनं पळवतं, म्हणजे चित्र 237.6 सेकंदांतच संपतं. गेले ना 2.4 सेकंद? आवाज बिचारा पूर्ण 240 सेकंदांचा, तो मागे राहणारच.

उपाय फुकट आहे. हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर घे, मूळ क्लिप त्यात टाक, व्हिडिओच्या सेटिंगमधे कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून 30 ठेव, जी नवीन फाईल निघेल तीच एडिटिंगला वापर. मूळ क्लिप म्हणजे फोनमधून केबलनं घेतलेली हं, व्हॉट्सअपवर व्हिडिओ म्हणून आलेली नाही, तिथे ती दाबून अर्धमेली होते, पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि खरं सांगू का, चार मिनिटं सलग ओठ दाखवायची गरजच काय? आवाज एकसंध ठेव, वर चित्र बदलत जा. झोक्याची दोरी, निंबाची फांदी, पोरीचे पाय, दारात उभी राहून बघणारी आई, पुन्हा चेहरा. हे शॉट नसतील तर उद्या सकाळी 7 ला जाऊन अर्ध्या तासात घेऊन या, ऊन चढायच्या आत. माझ्या मते सिनेमाही यानंच सुधारेल, पोरगी माहेरी आलीय हे आईच्या चेहऱ्यावर जास्त दिसतं.

ट्यूबलाईटचं असं आहे की आपली वीज 50 हर्ट्झची, जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. फोनच्या प्रो मोडमधे, म्हणजे सेटिंग हातानं ठरवता येतात तिथे, शटर स्पीड सेकंदाच्या 1/50 किंवा 1/100 कर नि लॉक कर, पट्टे जातात. शूट झालेले पट्टे काढायला जाऊ नको, त्यात आणखी दोन रात्री जातील. आजीला परत बसवा चुलीपाशी, दिवसा, दाराच्या उजेडात, ट्यूब बंद करून. आजी ओरडेल, पण भाकरी तर तुम्हीच खाणार आहात ना!

आता त्या पाच डायरेक्टरांचं. पुढच्या शूटला तू कॅमेऱ्यापाशी वही घेऊन उभा राहा, प्रत्येक टेकच्या सुरुवातीला फ्रेममधे एकानं टाळी वाजवायची म्हणजे दोन्ही फोनचा आवाज जुळवता येतो, आणि कुठला टेक ओके ते तू लिहायचं. एडिटिंगचे निम्मे घोळ शूटिंगमधे होतात नि निस्तरायला येतात एडिटरकडे. त्यातल्या दोघांना तर आजपासूनच शेजारी बसव, एकानं क्लिपांना नावं द्यायची, दुसऱ्यानं सगळ्याची कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायची.

प्रश्न : मी नंदुरबारकडे शाळेत शिक्षिका आहे. नववीच्या मुलांना फिल्म करायचीय. माझा एकच फोन, कॉम्प्युटर नाही. जमेल का?

उत्तर : जमेल की मॅडम. एडिटिंग कॅमेऱ्यातच करायचं, म्हणजे ज्या क्रमानं दाखवायचं त्याच क्रमानं शूट करायचं. आधी कागदावर 10 चौकटी काढून घ्या, प्रत्येक शॉट 5 ते 8 सेकंदांचा, फोन आडवा, चुकला की तिथेच डिलीट करून पुन्हा. मग फोनवरच्याच साध्या ॲपमधे ओळीनं जोडायचं, बस. विषय तुमच्या दारातच आहे, मिरचीची पथारी, म्हणजे मिरची वाळत घालतात ती मोकळी जागा. एवढा लाल रंग कुठे फुकट मिळणार! चालता शॉट हवा असेल तर एकाला सायकलच्या कॅरियरवर बसवा नि दुसऱ्यानं सायकल ढकलायची, मालेगावच्या पिक्चरवाल्यांनी असल्याच जुगाडावर पिक्चर काढलेत. फक्त पथारीवर कॅमेरावाल्या पोराला मिरचीला हात लावू देऊ नका, तोच हात लेन्स पुसतो आणि मग डोळे.