एफडी मोडून ड्रोन? आधी उडवायचे दिवस मोजा

मुलुंडच्या एका फोटोग्राफर दादांनी विचारलंय, लग्नाच्या ऑर्डरी कमी झाल्यात, एक ब्रोकर भिवंडीची गोडाऊन आणि अंधेरी-बीकेसीची ऑफिसं शूटला देतो म्हणतोय, तर आईबरोबरची दोन लाखांची एफडी मोडून वर तीन लाखांचं लोन काढून ड्रोन घेऊ का?

दादा, लोन नको. ड्रोन चांगलाच असेल हो, पण मुंबईत तो हवेत कधी जाणार हे तुमच्या हातात नाही. 2021 च्या ड्रोन नियमांत ग्रीन झोनमध्ये, म्हणजे सरकारी नकाशावर मोकळ्या दाखवलेल्या भागात, 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण एअरपोर्टपासून 12 किलोमीटरच्या आत आलात की सगळं बदलतं, आणि अंधेरी-बीकेसी तर एअरपोर्टला चिकटूनच, त्यात पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश निघतात ते वेगळेच. म्हणजे ती ऑफिसं यादीतून आत्ताच खोडा, उरली गोडाऊन.

आता हप्ता बघा. 14 टक्क्यांनी दोन वर्षं धरली तर महिना साधारण 14,400. शूटचे 8,000 मिळतील म्हणताय, त्यातून हेल्पर, गाडी, एडिटिंग जाऊन 5,000 उरले तरी खूप. म्हणजे वर्षाला जवळपास 35 शूट नुसते बँकेसाठी, आणि जून ते सप्टेंबर पावसात ड्रोन बॅगेत पडून, हप्ता मात्र चालू! उरलेल्या आठ महिन्यांत दर महिन्याला चारच्या वर शूट हवेत आणि ब्रोकरने लेखी किती दिलीत? एकही नाही ना.

मी काय केलं असतं, आधी डीजीसीए, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक खात्याने मान्य केलेल्या संस्थेतून ड्रोन पायलट सर्टिफिकेट, कारण 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला ते लागतंच, आणि ते 10 वर्षं चालतं, ड्रोन तेवढा टिकणार नाही. तेवढी फी बचतीतून भरा. पहिली पाच-सहा कामं ड्रोनवाला ऑपरेटर भाड्याने घेऊन करा, नफा कमी सुटेल पण गिऱ्हाईक खरं आहे का ते कळेल. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, ती करून बिलावर नंबर टाका, मग गिऱ्हाईक कंपनीला 45 दिवसांच्या पुढे तुमचे पैसे अडकवणं टॅक्समध्ये महागात पडतं.

आणि मित्राकडचा स्वस्तातला परदेशी ड्रोन घेऊ का असंही विचारलंत, तो विसरा. फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, जप्त झाला तर पैसे कुणाकडे मागणार?

सर्टिफिकेट हातात आणि तीन महिने सलग चार-पाच कामं, एवढं झालं की परत लिहा, मग छोट्या लोनचं बघू. आईच्या एफडीचा विषय मात्र तेव्हाही काढू नका.