बागेत पोलीस कोणाचा? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

पालिकेच्या बागा आणि मैदानांच्या सुरक्षेबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे. नवे फौजदारी कायदे (गुन्हे आणि शिक्षांसाठी भारतीय न्याय संहिता, तपास आणि अटकेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १ जुलै २०२४पासून लागू आहेत, म्हणून कलमांचे क्रमांकही नवेच वापरले आहेत.

आमच्या बागेत रात्री आठनंतर टोळकं दारू पीत बसतं. वॉचमन म्हणतो, मला अधिकार नाहीत. चौकीत गेलो तर म्हणतात, बाग पालिकेची आहे, तिकडे सांगा. जबाबदारी नक्की कोणाची?

वॉचमनचं म्हणणं बरंचसं खरं आहे, चौकीचं नाही. बागेची वेळ, कुलूप, दिवे, कुंपण ही उद्यान विभागाची कामं. पण पोलीस ठाण्याची हद्द बागेच्या फाटकाशी संपत नाही. उघड्यावर दारू पिणाऱ्यांवर महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९खाली कारवाई होते. धिंगाणा, शिवीगाळ, धमकावणं यांसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ची कलमं ११० आणि ११२ आहेत. यासाठी पालिकेच्या पत्राची वाट पाहायची गरज नाही.

टोळकं बसलेलं असतानाच ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. सकाळी तक्रार केली तर हाती फक्त बाटल्या लागतात. फोनवर बागेचं नाव, कोणतं फाटक, जवळची खूण, माणसं किती, आत बायका-मुलं आहेत का, एवढं सांगा. मोठ्या बागेला दोन-तीन फाटकं असतात. गाडी मुख्य फाटकाशी येते, ते बंद दिसतं आणि ‘काही आढळलं नाही’ अशी नोंद करून निघून जाते. म्हणून तुमच्यापैकी कोणीतरी उघड्या फाटकाशी उभं राहायला हवं. कॉल केल्याची आणि गाडी आल्याची वेळ लिहून ठेवा.

असे तीन-चार कॉल झाले की त्यांच्या तारखा घालून पोलीस निरीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ‘गस्त वाढवावी’ एवढंच लिहू नका, त्या वाक्याचं पुढे काहीच होत नाही. ‘संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळेत बाग गस्तीचा पॉइंट करावा’ असं लिहा. काही शहरांत बीट मार्शल, म्हणजे दुचाकीवरून गस्त घालणारे पोलीस, गस्तीवर आल्याची खूण म्हणून क्यूआर कोड स्कॅन करतात. तुमच्याकडे ती पद्धत असेल तर तो कोड फाटकावर लावायला देऊ नका, आत मागच्या कुंपणाजवळ किंवा स्वच्छतागृहाच्या भिंतीवर लावा म्हणा. फाटकावर असला तर गाडीवरून न उतरताच गस्त पूर्ण होते.

एकदा दिवसाउजेडी कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी मारा. कुठेतरी एखादा गज कापलेला किंवा वाकवलेला सापडतो. त्याच्या खालचं गवत झिजून मातीची बारीक वाट पडलेली असते. रात्रीचा खरा दरवाजा तोच. त्याचा फोटो आणि बंद दिव्याच्या खांबावर रंगवलेला क्रमांक, दोन्ही क्षेत्रीय कार्यालयात द्या. ‘बागेत अंधार असतो’ या तक्रारीवर कोणता खांब ते शोधायला कोणी येत नाही, खांबाचा क्रमांक दिला की वायरमन थेट तिथे जातो.

बागेतला सुरक्षारक्षक कोणाला पकडू शकतो का? आमचा रक्षक तर रात्री झोपलेलाच असतो.

पोलिसाचे अधिकार त्याला नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०ने जो अधिकार तुम्हाला-आम्हाला दिला आहे, तोच त्यालाही आहे. आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर गुन्हेगाराला धरता येतं, पण विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मंगळसूत्र हिसकावणाऱ्याला धरता येईल. गवतावर बसलेल्याला किंवा बंद वेळेत आत आलेल्याला धरता येणार नाही, फक्त बाहेर जायला सांगता येईल. अंगाला हात लावणं, काठी उगारणं, फोन काढून घेणं, दंड म्हणून पैसे घेणं यातलं काहीच त्याच्या कामात बसत नाही. खासगी एजन्सीच्या रक्षकाने पोलिसासारखा दिसणारा गणवेश घालणं हा २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली गुन्हा आहे.

झोपेबद्दल. एका फाटकावर चोवीस तास माणूस हवा तर आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला २१ पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्टी धरून एक माणूस सहा पाळ्या करतो. हिशेब साडेतीन माणसांचा येतो, म्हणजे प्रत्यक्षात चार लागतात. कंत्राटदाराने दोघंच ठेवले असतील तर ते बारा-बारा तास, सुट्टीशिवाय उभे असतात. त्या गरीब माणसाला झापून काही होणार नाही, कंत्राट तपासा. माहिती अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तीन गोष्टी मागा: निविदेत किती रक्षक लिहिले आहेत, गेल्या तीन महिन्यांची हजेरीपत्रकं आणि कंत्राटदाराकडून कापलेल्या दंडाचा तपशील. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. निविदेत चार आणि हजेरीत दोन असं दिसलं की पुढचा अर्ज आपोआप तयार होतो.

मी २२ वर्षांची आहे. मित्राबरोबर बाकावर बसले होते. एका पोलिसाने नाव-पत्ता लिहून घेतला, घरी फोन करू म्हणाला आणि बाराशे रुपये मागितले. हे कायदेशीर आहे का?

नाही. दोन सज्ञान माणसांनी बागेत एकत्र बसणं, हात धरणं हा गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६साठी सार्वजनिक जागी अश्लील कृत्य व्हावं लागतं आणि त्याचा इतरांना उपद्रव व्हावा लागतो. पोलीस अधिनियमाच्या कलम ११०चा दंड न्यायालय करतं, तो बाकापाशी रोख द्यायचा नसतो. सज्ञान व्यक्तीच्या आई-वडिलांना कळवणं ही कोणत्याही कलमातली शिक्षा नाही.

अशा वेळी आवाज चढवू नका. नाव विचारलं तर खरं सांगा. मग शांतपणे विचारा, ‘साहेब, कोणत्या कलमाखाली? आपण पोलीस ठाण्यात जाऊन नोंद करू या.’ नेमप्लेटवरचं नाव आणि बक्कल नंबर लक्षात ठेवा. पैशांची मागणी असेल तर बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची नाही, असा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३चा नियम आहे. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याला दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. नंतर लेखी तक्रार पोलीस उपायुक्तांकडे करा, ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षकांकडे. पोलिसांची दामिनी आणि निर्भया पथकं छेडछाड रोखण्यासाठी आहेत. तुम्हाला कोणी त्रास देत असेल तर त्यांना जरूर बोलवा, मित्राबरोबर बसला आहात म्हणून भिऊ नका.

सकाळी फिरताना आईची चेन ओढली. ठाण्यात ‘हद्द आमची नाही’ म्हणून परत पाठवलं.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. हिसकावून चोरी हा आता न्याय संहितेच्या कलम ३०४खाली स्वतंत्र गुन्हा आहे. कोऱ्या ‘अर्जा’वर किंवा हरवल्याच्या दाखल्यावर समाधान मानू नका. चेन हरवलेली नाही, चोरली आहे. नोंद घेतलीच नाही तर तक्रार पोस्टाने उपायुक्तांना पाठवा.

घाई करायची ती सीसीटीव्हीसाठी. डीव्हीआरची (चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) जागा भरली की जुनं चित्रण पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं, कुठे पंधरा दिवसांत तर कुठे त्याहून लवकर. त्याच दिवशी उद्यान विभागाला आणि समोरच्या दुकानदारांना वेळ नमूद करून चित्रण जपून ठेवायची लेखी विनंती करा. मोबाइलवर फिरत आलेली क्लिप शोधायला उपयोगी पडते, पुराव्यासाठी मूळ चित्रण प्रमाणपत्रासह लागतं. ते काम तपास अधिकाऱ्याचं आहे, पण त्याच्या हाती मूळ चित्रण उरायला तर हवं.

मुलगा लंडनला असतो. तिथे बागांचे वेगळे पोलीस आहेत म्हणतो. आपल्याकडे का नाहीत?

लंडनमध्येही सगळीकडे नाहीत. १९६७च्या एका कायद्याने तिथल्या स्थानिक कौन्सिलांना आपल्या बागांसाठी कॉन्स्टेबल नेमून त्यांना शपथ देण्याची मुभा मिळाली. त्यांचं काम मुख्यतः उद्यानांचे नियम आणि उपविधी पाळायला लावणं. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या मोठ्या मोकळ्या उद्यानात १९९२पासून असे कॉन्स्टेबल आहेत, बरोबर कुत्रेही असतात. गंभीर गुन्हे मात्र मेट्रोपॉलिटन पोलिसांकडेच जातात. राजघराण्याच्या बागांचं स्वतंत्र दल होतं, त्याचं काम २००४मध्ये मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे गेलं आणि २००६मध्ये ते दलच बरखास्त झालं.

आमच्या मते वेगळ्या दलाची मागणी आधी नको. तिथल्या पद्धतीतली उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे रोज तोच कॉन्स्टेबल त्याच बागेत चालत फिरतो. कोणतं फाटक मोडलं आहे आणि कोणता मुलगा शाळा बुडवून बसतो, हे त्याला ठाऊक होतं. आपल्या बीट अंमलदाराने (ठरावीक भाग सांभाळणाऱ्या पोलिसाने) सहा महिने एकच बाग सांभाळली तर तेच साधेल. त्याला नवा कायदा लागत नाही.

हास्यक्लब पहाटे साडेपाचला स्पीकर लावतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. सहानंतरही लेखी परवानगी लागते आणि निवासी भागात मर्यादा ५५ डेसिबलची आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटर परिसर सरकारने तसं जाहीर केलं असेल तर शांतता क्षेत्र असतो. मुंबईचं शिवाजी पार्क उच्च न्यायालयाने २०१०मध्ये शांतता क्षेत्र ठरवलं होतं. आधी क्लबच्या प्रमुखांना भेटा, बहुतेक ठिकाणी स्पीकर बंद होऊन नुसतं हसणं सुरू राहतं. ऐकलं नाही तर ११२.